‘पाप’ म्हणणारी सिस्टर

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि मायकडे न बघता माझ्याकडे बघितलं. “कार्सिनोमा सर्व्हिक्स,” ते म्हणाले. “स्टेज थ्री.”

कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर आणि सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयाचं तोंड, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी फक्त ‘थ्री’ समजलं. थर्ड क्लास म्हणजे काही नापास नव्हे, असा वेडा विचार डोक्यात येऊन गेला.

माय स्टुलावर बसली होती. तिनं पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. डॉक्टरांनी तिला हिंदीत विचारलं, अंगावरून रक्त कधीपासून जातंय? माय म्हणाली, “दोन महिने झाले असतील.” डॉक्टरांनी मान हलवली, पण ती ‘बरं’ अशी नव्हती. दोन महिन्यांत तिसरी स्टेज होत नाही, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

आमच्या चर्चमध्ये आजारातून उठलेली माणसं साक्ष देतात. म्हणजे सगळ्यांच्या पुढं येऊन देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. माझी माय उठली नाही, म्हणून मला साक्षीला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी मला उभं राहून बोलता आलं नसतं. म्हणून लिहितेय. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, तेव्हा लिहिण्यात चुका असतील. ज्यांच्या घरात असं दुखणं आलंय किंवा येऊ शकतं, त्यांनी त्या पोटात घालाव्यात.

आमचं गाव कर्नाटकात, बिदरजवळच्या औराद तालुक्यात आहे. घरात मराठी, बाजारात दखनी उर्दू आणि कचेरीत कानडी, अशी आमच्याकडची रीत. मी शाळेत कानडी शिकले. माय उदगीरकडची. लग्न होऊन इकडे आली, पण गावातली शेजारपाजारची सगळी माणसं मराठीच बोलणारी, त्यामुळे तिची कानडी भाजीच्या भावापुढे कधी गेली नाही. अप्पा गवंडीकाम करतात. मी बिदरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तिथंच नौबाद भागात दोन मुलींबरोबर खोली करून राहत होते.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मायच्या अंगाला कसलातरी वास येत होता. ती सारखी अंघोळ करायची. मागच्या अंगणात, तुरीच्या काड्यांच्या गंजीआड, तिचे कपडे वेगळे वाळत घातलेले दिसायचे. विचारलं तर म्हणाली, “पांढरं जायलंय. बायांना असतंय तसं.” तिची पाळी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. एका लग्नाहून परतताना बसच्या सीटवर रक्ताचा डाग पडला. तिनं तो पदरानं पुसला आणि मग तिथून उठलीच नाही. मला आधी उतरायला लावलं.

मी तिला बिदरच्या दवाखान्यात नेलं. तिथं बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा बारीक तुकडा काढून तपासणं. तिथून आम्हाला कलबुर्गीला पाठवलं.

उपचार असे ठरले. आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन, म्हणजे यंत्रातून सोडलेल्या किरणांनी गाठ जाळणं. वॉर्डातले लोक त्याला शेक म्हणतात. त्याबरोबर आठवड्यातून एकदा किमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून कॅन्सरचं औषध. मायच्या अंगात रक्त फार कमी होतं, म्हणून तिला भरतीच करून घेतलं. बायकांच्या वॉर्डात अप्पांना राहता येत नव्हतं. ते बाहेर व्हरांड्यात चादर टाकून बसायचे.

वॉर्डातली मोठी सिस्टर अफजलपूरकडची होती. जाडजूड, भरभर चालणारी, फक्त कानडी बोलणारी. हाताची इतकी हलकी की सुई टोचलेली समजायची नाही. शेजारच्या खाटेवर आळंदची काशीआक्का होती. तिला दोन्ही भाषा यायच्या आणि गप्प बसणं एकाही भाषेत यायचं नाही.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग मायनं भिंतीकडे तोंड केलं. जेवण तसंच परत जायला लागलं. एक दिवस वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला तर ती उठलीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “शेकात खंड पडला तर गाठीला पुन्हा वाढायला वेळ मिळतो. आईला समजावून सांग. आपल्याकडे वाया घालवायला दिवस नाहीत.”

मी तिच्या उशाशी जाऊन बसले.

“माय, शेकाला कामून जात न्हाईस?”

“मला घरी न्ये.”

“पण कामून?”

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग हळूच म्हणाली, “त्या सिस्टरला कुणी सांगितलं गं?”

“काय सांगितलं?”

“माझं पाप.”

मला काहीच कळेना. माय आता माझ्याकडे वळली. “रोज म्हणायलीय ती. हात लावला की म्हणती, पाप. सुई टोचताना म्हणती. काल ती दुसरी बारकी सिस्टर आली, तर तिला बी माझ्याकडं बोट करून सांगितली. अय्यो पाप, अय्यो पाप. मान हलवती वरनं.”

मला हसू आलं. खरंच आलं, लपवत नाही. “आगं माय, कानडीत पाप म्हणजे बिचारी! तिला तुझी कीव येती म्हणून म्हणती ती.”

“खोटं बोलू नको. कानडी बायबलात काय पापाला दुसरा शब्द लिवलाय व्हय?”

“न्हाई, पाप म्हणजे पाप बी हाय. आणि बिचारी बी हाय. दोन्ही हाय.”

काशीआक्का ऐकतच होती. ती तिच्या खाटेवरून म्हणाली, “व्हय वो ताई, पोरगी खरं सांगायलीय. माझा नातू पडला तरी आमी पापच म्हणताव. आता एवढ्याशा लेकरानं काय पाप केलंय, चड्डी वल्ली करण्याबिगर?”

माय उठून बसली. “म्हंजे दोन्हीला एकच शब्द?”

“एकच.”

तिनं जरा विचार केला. “मग देवाला कानडी येतंय का गं?”

“न येऊन सांगतंय कुणाला!” काशीआक्का म्हणाली. “कर्नाटकात ऱ्हायचं म्हणल्यावर!”

माय हसली. कलबुर्गीला आल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, संपलं. एका शब्दाची गडबड होती, ती मिटली. पण हसता हसता ती रडायला लागली आणि मग तिनं मला सगळं सांगितलं.

माझी आजी, म्हणजे अप्पांची आई, लकवा होऊन कित्येक वर्षं अंथरुणावर होती. मी तेव्हा लहान होते. मला फक्त तिचा खाकरण्याचा आवाज आठवतो. तिचं सगळं माय करायची. तूर काढायचे दिवस होते. माय दुपारी रानातून आली, आजीला धुतलं, अंथरूण बदललं आणि भाकरीला बसली, तोच आजीनं पुन्हा घाण केली. “मी तिला म्हणलं,” माय म्हणाली, “एकदाची मर की गं बाई, सोड मला. तिला समदं कळायचं, एस्तर. बोलता यायचं न्हाई, पण कळायचं. माझ्याकडं बघितली. मग तोंड मिटलं ते मिटलंच. दूध बी घेतली न्हाई. दुसऱ्या दिवशी गेली.”

तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. अप्पांना नाही, पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनाही नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला फिरायचा तेव्हा ती शेवटच्या रांगेत बसून ताट तसंच पुढे सरकवायची, कारण पाप मनात ठेवून ते घेऊ नये असं आमच्यात मानतात. मला वाटायचं ती लाजते. आणि रक्त जायला लागलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. “तिच्या घाणीचा मला वीट आला. आता माझ्यातनं घाण जायलीय. देवानं तेच माझ्या पदरात टाकलं. मग दवाखान्यात कामून जायाचं?”

मी विचारलं, “खरं सांग, कधीपासून जायलंय?”

“गेल्या सालच्या पेरणीच्या आधीपासनं.”

म्हणजे वर्षाहून जास्त. मधे गावात आरोग्य खात्याच्या बाया आल्या होत्या. शाळेत बायकांची पॅप टेस्ट होणार म्हणून घरोघर सांगून गेल्या. पॅप टेस्ट म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन तपासणं. दुखत नाही, लगेच होतं. आमच्या गल्लीतल्या बायकांनी ऐकलं, ‘पाप टेस्ट’. त्यावर हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. पापाची टेस्ट करणार म्हणे, कोण जाईल, समदं बाहेर येईल! माय त्यांच्यात बसून हसली. आणि गेली नाही. बाकीच्यांचं ते हसण्यावारी होतं. हिनं ते खरं धरलं.

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की हा कॅन्सर बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि वेळेत सापडला तर बराही होतो. मी मायला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. विषाणूला आजी माहीत नाही, तुझे शब्द माहीत नाहीत. ती ऐकायची, मान डोलवायची. मग म्हणाली, “आजाराचं कारण तुझ्या पुस्तकात असंल. माझ्या बोलण्याचं कारण कुठं हाय त्याच्यात?”

 

दुसऱ्या दिवशी ती शेकाला गेली. पण जाण्याआधी म्हणाली, “ह्यांना सांगते.” मी नको म्हणाले. आता कशाला, त्यांना किती त्रास होईल. तिनं ऐकलं नाही. मला धरून व्हरांड्यात आली, अप्पांच्या चादरीवर बसली आणि जे मला सांगितलं तेच त्यांना सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही.

अप्पा उठले. त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि फाटकाकडे चालत गेले. मला वाटलं चहाला गेले. ते आलेच नाहीत. फोन बंद होता.

त्या दिवसांत मी अप्पांचा मनापासून राग केला. आणि मला एक गोष्ट उमगली, जी चर्चमध्ये इतक्या वेळा ऐकूनही उमगली नव्हती. मी मायला लगेच माफ केलं होतं, कारण माझं काहीच गेलं नव्हतं. ज्याची आई होती, त्याला ते जड होतं. माफी फुकटात देता येते तेव्हा ती माफी असते का, हे मला ठरवता येत नव्हतं.

पाळकसाहेब भेटायला आले. पिशवीत प्रभुभोजनाचं सामान घेऊन आले होते. मायनं त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, “बाई, तुम्ही पश्चात्ताप केलात. देवानं केव्हाच क्षमा केली आहे.”

“देवानं केली असंल,” माय म्हणाली. “ह्यांनी न्हाई न केली.”

“पण देव मोठा की माणूस?”

“देव मोठा. पण ती ह्यांची माय होती.”

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. प्रार्थना केली आणि पिशवी तशीच परत नेली. त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

अप्पा आले ते सकाळच्या बसनं. दाढी वाढलेली, पायांना सिमेंट. गावाकडे जाऊन त्यांनी आजीची कबर बांधून काढली होती, जी इतकी वर्षं नुसती मातीची होती. मी मायला व्हरांड्यात आणलं. ते तिच्याकडे न बघता बोलायला लागले.

“लई राग आला मला. अजून हाय. पण तिथं काम करता करता ध्यानात आलं. तिचं समदं तू केलीस. मी घरात थांबायचो न्हाई, वास यायचा म्हणून. काम नसलं तरी बाहेर बसायचो. तू वाईट बोललीस. मी वाईट बोलायला बी तिथं नव्हतो.”

माय म्हणाली, “तुमी कामाला जायाचाव.”

“कायम नसायचं काम.”

‘माफ केलं’ असं कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे नवरा-बायको असं बोलत नाहीत. पण थोड्या वेळानं अप्पांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. तिच्यात मायचे धुवायचे कपडे होते. मी ओढून घ्यायला लागले, तर म्हणाले, “सोड.”

दवाखान्याच्या मागं नळ आहे, तिथं बायका कपडे धुतात. अप्पा तिथं उकिडवे बसून मायचे रक्ताचे कपडे धुवायला लागले. तिथं आलेल्या काशीआक्काला ते बघून राहवलं नाही. “काय वो अण्णा, घरात बाया न्हाईत का?”

“हायत की,” अप्पा म्हणाले. “पर त्यांना नीट येत न्हाई.”

“आन तुमाला येतंय व्हय? फेस तर बघा, भिंतीला गिलावा करायलाव जसा!”

बायका हसल्या. अप्पा मान खाली घालून घासत राहिले. त्या दिवसापासून शेवटपर्यंत ते कपडे त्यांनीच धुतले.

शेक पूर्ण झाला. मग ब्रॅकीथेरपी, म्हणजे शरीराच्या आत नळी ठेवून दिलेला शेक, तोही झाला. आम्ही घरी निघताना मोठ्या सिस्टरनं मायच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पाप.” मायनं मान डोलवली. जणू कुणी आशीर्वाद दिला.

काही महिने खरोखर बरे गेले. माय भाकरी करायला लागली. मी परीक्षा दिली. मग तिचे पाय सुजले. कलबुर्गीला पुन्हा रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलं होतं. क्रिएटिनिन हा रक्तातला एक कचरा असतो. तो वाढला की मूत्रपिंडं थकली असं समजावं. गाठ परत वाढून तिनं लघवीच्या नळ्या दाबल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “आता पॅलिएटिव्ह केअर.” म्हणजे रोगामागं धावणं थांबवायचं आणि माणसाचं दुखणं कमी करायचं. मी विचारलं, वर्षभर आधी आलो असतो तर? डॉक्टर भले माणूस होते. ते म्हणाले, “हा प्रश्न घरी नेऊ नकोस.” मी नेला. अजून आहे माझ्याजवळ.

घरी पाळकसाहेब तीच पिशवी घेऊन पुन्हा आले. माय अप्पांकडे बघत होती. अप्पा म्हणाले, “घे.” तिनं भाकरीचा तुकडा घेतला. गिळायला तिला फार वेळ लागला. आम्ही सगळे थांबलो.

शेवटी शेवटी तिनं एकच मागितलं. “मला आजीजवळ ठेवा.”

मी म्हणाले, “कामून गं?”

“मेलेल्यांचा कबरीतनं उठायचा दिवस येईल तेव्हा शेजारीच असंल ती. आधी तिलाच विचारीन, माफ केलीस का म्हणून.”

“आणि तिनं न्हाई म्हणलं तर?”

माय म्हणाली, “तर तिथंच बसून ऱ्हाईन. तिथं कुठं सैपाक करायचाय मला.”

अशी आशा मी कुठल्या प्रवचनात ऐकली नाही. मला तशी आशा करता येते का, तेही ठाऊक नाही. मी प्रार्थनेला बसते तेव्हा निम्म्या वेळा मला फक्त राग येतो. पण माझ्या मायला माफी मिळण्याची इतकी खात्री नव्हती, जितकी माफी मागण्याची तयारी होती, आणि तेवढ्यावर ती शांत झोपली. आम्ही तिला आजीजवळ ठेवलं.

वाचणाऱ्या बायांनो, पाळी गेल्यावर रक्त गेलं, किंवा मधेच गेलं, किंवा वास यायला लागला, तर कुणाला तरी सांगा. देव शिक्षा करतोय असं वाटत असेल तरीसुद्धा सांगा. आधी तपासून घ्या, देवाशी नंतर बोला. तो थांबतो. गाठ थांबत नाही. आणि घरातल्या माणसांनो, तिला सांगता येईल असं घर ठेवा. आम्हाला ते ठेवता आलं नाही.

मागच्या रविवारी चर्च सुटल्यावर आमच्या गल्लीतली एक काकू माझ्या मागं मागं घरापर्यंत आली. दारात उभी राहिली. आधी हवेचं बोलली, मग माझ्या कॉलेजचं. मग इकडंतिकडं बघून म्हणाली, “एस्तर, मला बी जायलंय गं.” मी तिला आत घेतलं. चुलीजवळ अप्पा होते, ते काही न बोलता उठून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं, तिला मोकळं बोलता यावं म्हणून.

आज मी तिच्याबरोबर बिदरच्या दवाखान्यात आलेय. आत तिची तपासणी चाललीय आणि मी बाहेरच्या बाकावर हे शेवटचं लिहितेय. काय निघेल माहीत नाही. आत जाताना तिनं विचारलं, “तू हितंच हाईस न्हवं?”

मी म्हणाले, “हितंच हाय, काकू.”